मिलिमीटरभर हवेतही न टिकणारा उजेड मोजतात कसा?

सेमीकंडक्टरची बातमी आली की ‘ईयूव्ही’ (एक्स्ट्रीम अल्ट्राव्हायोलेट, म्हणजे अतिनीलच्याही पलीकडच्या टोकाचा, डोळ्याला न दिसणारा उजेड) हा शब्द मागोमाग येतोच. नेदरलँड्सच्या एएसएमएल कंपनीची या उजेडाने चिप छापणारी अवाढव्य यंत्रं, ती कोणाला विकायची आणि कोणाला नाही यावरचं राजकारण, हे सगळं छापून येतं. ज्या उजेडावर हा सारा खेळ चालतो तो उजेड तपासतात कसा, हे मात्र कुणी सांगत नाही. आधी एक गैरसमज काढून टाकू. गुजरातेत धोलेऱ्याला उभा राहत असलेला टाटांचा कारखाना २८ नॅनोमीटर आणि त्याहून जाड तंत्रज्ञानाचा आहे. तिथे ईयूव्हीची गरज नाही. ती लागते साधारण ७ नॅनोमीटर आणि त्याखालच्या चिप्सना.

विषय वाटतो परका, पण कोल्हापूरकराला तो समजून घ्यायला आयता दरवाजा आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही बऱ्या फाउंड्रीच्या लॅबमध्ये डोकावा. तिथे ‘स्पेक्ट्रो’ नावाचं यंत्र असतं. ईयूव्ही मोजणारं यंत्र त्याच घराण्यातलं आहे.

फाउंड्रीतला स्पेक्ट्रो काय करतो?

भट्टीतला रस ओतायच्या आधी चमच्याने थोडा काढून तांब्याच्या साच्यात ओततात आणि झटकन गार करतात. ही चिल कॉइन. झटकन गार का, तर ग्रे आयर्न सावकाश थिजलं की कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात वेगळा पडतो आणि मग कार्बनचा आकडा भलताच येतो. कॉइन फोडली तर आत पांढरी दिसली पाहिजे. मग ती ग्राइंडरवर सपाट करून स्पार्क स्टँडवर ठेवतात, आर्गॉन सोडतात आणि ठिणगी पाडतात. ठिणगीत धातूची वाफ होते आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक रंगांचा, म्हणजे ठरावीक तरंगलांबीचा उजेड फेकतं. अशा एकेका रंगाला रेषा म्हणतात. कार्बनची रेषा १९३.१ नॅनोमीटरला, सल्फरची १८०.७ ला, फॉस्फरसची १७८.३ ला. यांतली एकही डोळ्याला दिसत नाही, सगळ्या अतिनील.

कोणती रेषा किती प्रखर आहे हे मोजलं की टक्केवारी निघते. पण त्यासाठी मिसळलेला उजेड आधी वेगवेगळा करावा लागतो. ते काम ग्रेटिंगचं.

स्पेक्ट्रोच्या आतल्या कप्प्यात व्हॅक्यूम असतो किंवा आर्गॉन भरलेला असतो, हे ऑपरेटरला माहीत असतं. कारण बहुतेकांना माहीत नसतं. साधारण २०० नॅनोमीटरच्या खाली हवेतला ऑक्सिजन उजेड गिळायला लागतो. म्हणून कप्प्यातला व्हॅक्यूम किंवा आर्गॉन बिघडला की सर्वांत आधी फॉस्फरस, सल्फर आणि कार्बनच्या रेषा मंदावतात. मँगनीज, क्रोमियम तोवर ठणठणीत असतात. पुढे येणाऱ्या सगळ्या अडचणींची ही पहिली चुणूक.

ग्रेटिंग म्हणजे काय?

एका पृष्ठभागावर अगदी समान अंतरावर ओढलेल्या हजारो बारीक समांतर खाचा. प्रत्येक खाचेवरून उजेड सगळीकडे पसरतो. यालाच विवर्तन म्हणतात. शेजारच्या दोन खाचांवरून निघालेल्या लाटांना एखाद्या दिशेने जाताना कमी-जास्त अंतर कापावं लागतं. हा फरक बरोबर एका तरंगलांबीइतका असेल तर लाटा एकमेकींना साथ देतात आणि त्या दिशेला तो रंग उजळतो. बाकी दिशांना त्या एकमेकींना मारून टाकतात. तरंगलांबी बदलली की दिशा बदलते. सगळं गणित एवढंच.

बी. एस्सी.च्या प्रॅक्टिकलला वापरतात ते ग्रेटिंग इंचाला १५,००० रेषांचं असतं, म्हणजे दोन रेषांत सुमारे १,६९३ नॅनोमीटर अंतर. सोडियमच्या दिव्याचा पिवळा उजेड ५८९ नॅनोमीटरचा. त्यावर सरळ टाकला तर तो सुमारे २०.४ अंशांवर वळतो. टेलिस्कोप फिरवून आरामात सापडतो. त्याच ग्रेटिंगवर चिपच्या यंत्रांतला १३.५ नॅनोमीटरचा ईयूव्ही टाकला तर कोन येतो ०.४६ अंश. मूळ किरणाला चिकटलेलाच. खरं तर तेवढाही येणार नाही, कारण उजेड ग्रेटिंगच्या काचेतून बाहेरच पडणार नाही.

हवा, काच आणि आरसा: तिन्ही निकामी

डोळ्याला दिसतो तो उजेड ४०० ते ७०० नॅनोमीटरचा. ईयूव्ही साधारण १२० ते १० नॅनोमीटर, आणि त्याखाली मृदू क्ष-किरण. सीमारेषा पुस्तकागणिक थोडी हलते, तिच्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. महत्त्वाची आहे ती ऊर्जा. १,२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की उजेडाच्या एका कणाची, म्हणजे फोटॉनची, ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये मिळते. पिवळ्या उजेडाची दोनच्या आसपास. १३.५ नॅनोमीटरची ९२.

९२ इलेक्ट्रॉनव्होल्टचा फोटॉन ज्या अणूवर आदळेल त्यातला इलेक्ट्रॉन उपटून काढतो आणि त्यातच संपतो. अणू कशाचा आहे याने फार फरक पडत नाही. त्यामुळे साध्या दाबाच्या हवेत हा उजेड मिलिमीटरभरही जात नाही. काच, क्वार्ट्झ, सगळ्यांपुढे तो मुका. म्हणजे लेन्स बाद, खिडकी बाद, प्रिझम बाद.

उरला आरसा. समोरासमोर टाकलेला ईयूव्ही साध्या आरशावरून जवळजवळ परततच नाही. आत घुसून शोषला जातो. यावर दोन तोडगे आहेत. पहिला, मॉलिब्डेनम आणि सिलिकॉनचे काही नॅनोमीटर जाडीचे थर चाळीस-पन्नास जोड्यांत एकावर एक चढवायचे. प्रत्येक थरावरून थोडं थोडं परततं आणि सगळं मिळून सुमारे ७० टक्के होतं. चिपच्या यंत्रांत हेच आरसे असतात. असे दहा आरसे एकापुढे एक लावले की शेवटी हातात तीनेक टक्केच उजेड उरतो. शिवाय असा आरसा एका अरुंद पट्ट्यातच चालतो. ज्याला सगळा वर्णपट पाहायचा आहे त्याला त्याचा उपयोग कमी.

दुसरा तोडगा म्हणजे उजेड पृष्ठभागाला जवळजवळ घासून टाकायचा. रंकाळ्यात चपटा दगड वरून टाकला तर बुडतो, पाण्याला समांतर भिरकावला तर टप्पे घेत जातो. तसंच काहीसं. (उपमा इथेच सोडा, खरं कारण वेगळं आहे. या तरंगलांबीला सोन्यासारख्या धातूचा अपवर्तनांक एकापेक्षा किंचित कमी असतो, त्यामुळे फार तिरप्या किरणाला आत शिरायला जागाच मिळत नाही.) दोन-तीन अंशांच्या कोनात सोन्याचा मुलामा मृदू क्ष-किरणसुद्धा चांगले परतवतो.

मग ग्रेटिंगही आडवंच ठेवायचं

आता खरे आकडे घेऊ. या कामातलं एक सर्रास वापरलं जाणारं ग्रेटिंग मिलिमीटरला १,२०० रेषांचं आहे. रेषांमधलं अंतर ८३३ नॅनोमीटर. कॉलेजच्या ग्रेटिंगच्या जेमतेम दुप्पट बारीक. मग १३.५ नॅनोमीटर सापडतो कसा?

कोनामुळे. उजेड पृष्ठभागाशी फक्त ३ अंश करून येतो. साधं परावर्तन ३ अंशांवरच बाहेर पडतं. त्याला शून्य क्रम म्हणतात. ५ नॅनोमीटर निघतो ७ अंशांवर, १३.५ नॅनोमीटर १०.८ अंशांवर, २० नॅनोमीटर १२.९ अंशांवर. सरळ पडणाऱ्या किरणाला जो फरक अर्ध्या अंशाचा होता, तो घासून येणाऱ्या किरणाला पावणेआठ अंशांचा झाला. रेषा बारीक करण्यापेक्षा ग्रेटिंग आडवं करणं कितीतरी स्वस्त पडतं.

फुकट मात्र काही नाही. ३ अंशांवर येणाऱ्या १ मिलिमीटर उंचीच्या किरणाची सावली ग्रेटिंगवर १९ मिलिमीटर लांब पडते. ५० मिलिमीटर लांबीचं ग्रेटिंग जेमतेम २.६ मिलिमीटर उजेड पकडतं. बाकी वाया.

अंतर्गोल पृष्ठभाग आणि असमान रेषा

वेगळे झालेले रंग सेन्सरवर नेमके एकवटायला हवेत, आणि लेन्स तर नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या हेन्री रोलँड यांनी १८८२ मध्ये यावर उपाय काढला: रेषा अंतर्गोल आरशावरच ओढायच्या. वेगळं करणं आणि एकवटणं, दोन्ही कामं एकाच पृष्ठभागाने उरकायची. अशा ग्रेटिंगचे सगळे रंग एका वर्तुळावर एकवटतात. फाउंड्रीतल्या बहुतेक स्पेक्ट्रोत हेच ‘रोलँड वर्तुळ’ असतं. जुन्या मॉडेलमध्ये त्या वर्तुळावर एकेका मूलद्रव्याची फट आणि फटीमागे उजेड मोजणारी फोटोमल्टिप्लायर ट्यूब रांगेने बसवलेली दिसते.

ईयूव्हीत हे जमत नाही, कारण इथे सेन्सर म्हणजे सीसीडी, कॅमेऱ्यातल्यासारखी उजेड टिपणारी चिप, आणि ती सपाट. वर्तुळावर सपाट चिप ठेवली तर मधला भाग स्पष्ट आणि कडा धूसर. १९८० च्या सुमारास जपानच्या हिताची कंपनीतल्या संशोधकांनी यावर सुरेख मार्ग काढला. रेषांमधलं अंतर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे मुद्दाम किंचित बदलत न्यायचं. मग रंग वर्तुळावर न पडता जवळजवळ सरळ रेषेत एकवटतात. वर सांगितलेल्या ग्रेटिंगमध्ये उजेड आत घेणारी फट ग्रेटिंगपासून २३७ मिलिमीटरवर, सेन्सरचं प्रतल २३५.३ मिलिमीटरवर. ५ ते २० नॅनोमीटरचा पट्टा सुमारे २५ मिलिमीटरमध्ये बसतो. एका चिपवर मावतो, काही हलवावं लागत नाही.

१३.५ नॅनोमीटरच्या जवळ या मांडणीत एक नॅनोमीटर म्हणजे चिपवर १.५७ मिलिमीटर. चिपचा पिक्सेल साधारण १३.५ मायक्रॉनचा असतो (तोच आकडा, निव्वळ योगायोग), म्हणजे एका पिक्सेलला ०.००८६ नॅनोमीटर. फट ५० मायक्रॉनची ठेवली तर तिच्यामुळे येणारी धूसरताही तेवढीच. त्याहून फट बारीक केली तर उजेड कमी होतो आणि हाती काही लागत नाही.

खाचेचा आकारही नुसता खड्डा नसतो. करवतीच्या दातासारखा उतार असतो. उतार असा ठेवतात की हव्या तरंगलांबीला ती बारीक पायरीच आरशासारखी वाटावी. १० नॅनोमीटरसाठी हा उतार ३.२ अंश निघतो, म्हणजे खाचेची खोली जेमतेम ४६ नॅनोमीटर. एवढ्या उतारावरचा खडबडीतपणा नॅनोमीटरच्याही आत असावा लागतो, नाहीतर उजेड विखरून रेषांच्या आजूबाजूला धुकं पसरतं.

जोडताना काय चुकतं?

गणित ठीक आहे, पण असे सेटअप बहुतेक वेळा गणितामुळे अडत नाहीत. अडतात ते पुढच्या गोष्टींमुळे.

व्हॅक्यूम हवाच, आणि तो तेलविरहित पंपांनी काढलेला. तेलाची वाफ ग्रेटिंगवर बसते, ईयूव्ही तिचे रेणू तोडतो आणि कार्बनचा थर चिकटून राहतो. सोन्याचा पृष्ठभाग पट्टीसारखा काळपटतो, बरोबर जिथे उजेड पडतो तिथेच. अशा ग्रेटिंगच्या वर्णपटात ४.४ नॅनोमीटरला खळगा दिसायला लागतो, कारण कार्बन तिथे जोराने शोषतो. ग्रेटिंग पुसायचा विचारही करू नये. ४६ नॅनोमीटरच्या खाचांवर मऊ कापडही खरारा ठरतं. बोटाचा ठसा उमटला तर ग्रेटिंग गेलं म्हणून समजा.

सीसीडीची गोष्ट वेगळी. ती मागून पातळ केलेली लागते. साध्या चिपच्या पुढच्या बाजूचे थर ईयूव्ही आधीच गिळतात. शिवाय सिग्नलमधला गोंगाट (नॉइज) कमी करायला तिला बरंच गार ठेवतात. आता व्हॅक्यूममध्ये सर्वांत थंड वस्तू तीच, म्हणजे चेंबरमधली पाण्याची उरलीसुरली वाफ तिच्यावरच गोठणार. म्हणून क्रम ठरलेला: आधी व्हॅक्यूम नीट येऊ द्या, मग थंड करा. बंद करताना आधी चिप तापू द्या, मगच हवा सोडा. घाईत उलटं झालं की चिपवर बर्फाची नक्षी उमटते आणि संवेदनशीलता का घसरली ते शोधण्यात दिवस जातो.

उजेडाच्या वाटेवर धातूची फिल्म लावतात, २०० नॅनोमीटरच्या आसपास जाडीची. दिसणारा उजेड तिने अडवायचा आणि ईयूव्ही सोडायचा. जाळीच्या आधाराने ताणलेली ही फिल्म दाबाच्या फरकाने टरकन फाटते. म्हणून पंप सुरू करताना मोठा व्हॉल्व्ह एकदम उघडायचा नाही. फिल्मच्या दोन्ही बाजूंना जोडणारी बायपास नळी उघडी ठेवून हळूहळू ओढायचं; हवा सोडतानाही कोरडा नायट्रोजन सावकाश. बसवण्यापूर्वी फिल्म दिव्यासमोर धरून सुईएवढी छिद्रं तपासावीत. एक छिद्रसुद्धा पुरतं, कारण चिपला दिसणारा उजेड ईयूव्हीइतकाच आवडतो.

कोन लावायला साधा लाल लेसर वापरतात. फटीतून तो ग्रेटिंगवर पाडून शून्य क्रमाचा ठिपका शोधला की ३ अंश बसले का ते कळतं. ०.१ अंशाने चुकलं तर १३.५ नॅनोमीटरच्या जागी सुमारे ०.०८ नॅनोमीटरचा फरक पडतो, म्हणजे नऊ पिक्सेल. आणि शून्य क्रमासमोर अडसर लावायला विसरू नये. सगळ्या रंगांचा उजेड तिथे एकवटलेला असतो. तो चिपवर पडला तर बाकी वर्णपट धुऊन निघतो.

वर्णपटातली भुतं

ग्रेटिंगच्या गणितात फरक एका तरंगलांबीचा असला काय किंवा दोन लहान तरंगलांबींचा असला काय, दिशा एकच निघते. म्हणून ६.७५ नॅनोमीटरची रेषा दुसऱ्या क्रमात थेट १३.५ च्या जागी येऊन बसते. नवख्याला वाटतं, नवी रेषा सापडली.

फिल्मची निवड इथे कामी येते. सिलिकॉनची फिल्म १२.४ नॅनोमीटरच्या खालचा उजेड बराच अडवते आणि १३.५ मोकळा सोडते. ती लावल्यावर रेषा गायब झाली तर ते भूत होतं. झिर्कोनियमची २०० नॅनोमीटरची फिल्म १३.५ चा सुमारे निम्मा उजेड सोडते. अॅल्युमिनियमची मात्र १७.१ नॅनोमीटरच्या वरचाच सोडते. ती लावून १३.५ शोधत बसलं तर पडदा कोराच राहतो.

आकडे खरे कशावरून?

फाउंड्रीत स्टँडर्ड नमुना स्पार्क करून स्पेक्ट्रो जुळवून घेतात, तसं इथे निसर्गाने दिलेल्या खुणा वापरतात. अॅल्युमिनियमच्या फिल्मची १७.१ नॅनोमीटरची धार ही सर्वांत सोयीची. तिच्या एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला काळोख. दुसऱ्या क्रमात तीच धार ३४.२ ला पुन्हा दिसते, म्हणजे लांब पट्ट्याच्या ग्रेटिंगवर एका फिल्ममध्ये दोन खुणा मिळतात. एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमची ३०.४ नॅनोमीटरची रेषा आणखी एक खूण. सूर्याच्या दुर्बिणी हीच रेषा वापरून त्याची चित्रं घेतात.

प्रखरता मोजणं याहून अवघड. त्यासाठी ग्रेटिंग, फिल्म आणि चिप यांची कार्यक्षमता तरंगलांबीनुसार वेगवेगळी तपासावी लागते, आणि ती सिंक्रोट्रॉनवरच, म्हणजे इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवून उजेड काढणाऱ्या यंत्रावरच, नीट जमते. आपल्याकडे इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-१ हे ४५० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचं यंत्र याच पट्ट्यातला उजेड देतं.

चिपच्या धंद्यात याच मोजणीवर पैसा अडलेला असतो. तिथे वितळलेल्या कथलाचे केसाच्या जाडीच्या काही दशांशाएवढे थेंब सेकंदाला ५०,००० च्या वेगाने सोडून त्यांच्यावर लेसर मारतात. तापलेलं कथील विस्तृत पट्ट्यात उजेड फेकतं. आरसे मात्र १३.५ च्या आजूबाजूचा दोनेक टक्के रुंदीचाच पट्टा घेतात. बाकीचा उजेड म्हणजे नुसती उष्णता. किती पट्ट्यात पडला आणि किती बाहेर, हे ग्रेटिंगशिवाय कळत नाही.

एवढी उस्तवार कशाला? थेट ऊर्जा मोजणारा डिटेक्टर का नको?

रास्त शंका आहे, आणि जिथे चालतं तिथे तसंच करतात. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या भारताच्या आदित्य-एल१ यानावरचं सोलेक्स हे उपकरण सूर्याचे मृदू क्ष-किरण ग्रेटिंगशिवायच मोजतं. सिलिकॉनच्या डिटेक्टरमध्ये फोटॉन पडला की त्याच्या ऊर्जेच्या प्रमाणात इलेक्ट्रॉन सुटतात. ते मोजले की ऊर्जा कळते. प्रत्येक इलेक्ट्रॉनला सुमारे ३.६५ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. ६,००० च्या फोटॉनला १,६०० हून जास्त इलेक्ट्रॉन मिळतात, त्यात चार-पाच इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही.

९२ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या फोटॉनला मिळतात फक्त २५. त्यात चार-पाचांची गफलत म्हणजे तरंगलांबीत दोन-अडीच नॅनोमीटरची गफलत. ग्रेटिंग तिथे नॅनोमीटरचा पन्नासावा भाग सहज वेगळा दाखवतं. १९९९ मध्ये गेलेल्या चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन या दोन्ही क्ष-किरण दुर्बिणींवर चांगले डिटेक्टर असतानाही ग्रेटिंग बसवली गेली ती याच कारणाने. वरच्या ऊर्जेला डिटेक्टर पुरतो. जसजशी तरंगलांबी वाढत ईयूव्हीकडे येते तसतसा तो आंधळा होत जातो आणि ग्रेटिंगला पर्याय उरत नाही.